होस्टिंग बदललं आणि ब्लॉग बिघडला: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

होस्टिंगच्या नूतनीकरणाचं बिल आलं की माणूस हबकतो. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेली जागा दुसऱ्या वर्षी दुपटी-तिपटीने महाग, वर १८ टक्के जीएसटी. मग दुसरीकडची पहिल्या वर्षाची सवलत दिसते आणि ब्लॉगचा बाडबिस्तरा हलतो. त्यानंतर ‘जरा बघतोस का’ म्हणून माझ्याकडे जे ब्लॉग येतात, ते बहुतेक वर्डप्रेसवरचे, मराठी, एकट्याने चालवलेले असतात. बिघाड फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

लक्षणं अशी दिसतात:

- तुम्हाला नवा ब्लॉग दिसतो, बहिणीला जुनाच. किंवा घरच्या वायफायवर नवा आणि मोबाईल डेटावर जुना.
- ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून लाल पान दाखवतो, किंवा पान स्वतःभोवतीच फिरत राहतं.
- पहिलं पान नीट उघडतं, पण कुठल्याही लेखावर टिचकी मारली की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’.
- पांढरं कोरं पान, ‘क्रिटिकल एरर’ किंवा ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतला बिघाड.
- ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’.
- फोटो गायब, पण सगळे नाहीत.
- बाजूच्या पट्टीतली विजेट्स रिकामी, थीमची सेटिंग्ज पुसलेली.
- मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ, किंवा डोक्यावर रेघा असलेली अगम्य रोमन अक्षरं.
- ब्लॉग उत्तम चाललाय, पण त्याच नावावरचा ईमेल बंद.
- सगळं ठाकठीक, आणि महिन्याभरात गूगलवरून येणारे वाचक आटले.

काहीही करायच्या आधी दोन गोष्टी. जुनं होस्टिंग बंद करू नका. त्याचे अजून काही दिवस शिल्लक असतील तर तेच तुमचं विम्याचं कवच आहे, कारण खालचे निम्मे उपाय ‘जुन्या जागेवरून पुन्हा आणा’ याच वाटेने जातात. दुसरं, मजकुराची प्रश्नचिन्हं झालेली दिसत असतील तर एकही लेख उघडून ‘अपडेट’ दाबू नका. त्याचं कारण शेवटी सविस्तर सांगतो, पण सूचना आत्ताच पाळा.

फायलींची आणि बटणांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पडद्यावर ती रोमनमध्ये दिसतील.

तुम्ही नक्की कोणत्या सर्व्हरकडे बघताय?

हे फुकट आहे आणि दोन मिनिटांचं आहे, तरी बहुतेक लोक इथूनच सुरुवात करत नाहीत. नव्या होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये, जिथे वर्डप्रेसच्या फायली आहेत त्याच फोल्डरमध्ये, एक साधी मजकुराची फाइल बनवा. आत ‘नवं घर’ एवढंच लिहा. आता ब्राउझरमध्ये तुमच्या डोमेनपुढे त्या फाइलचं नाव टाकून बघा. ‘नवं घर’ दिसलं तर तुम्ही नव्या सर्व्हरवर आहात. ४०४ आलं तर अजून जुन्यावरच आहात. हीच फाइल मोबाईल डेटावर उघडा, बहिणीला उघडायला सांगा.

ही तपासणी आधी करायची कारण बरेच लोक दुरुस्ती एका सर्व्हरवर करतात आणि परिणाम दुसऱ्यावर बघतात. मग ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणून आणखी चार सेटिंग्ज बदलतात आणि धडधाकट प्रतही बिघडवून ठेवतात.

फाइल काहींना दिसते, काहींना नाही, असं असेल तर प्रकरण डीएनएसचं आहे, म्हणजे कोणतं डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीचं. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाचा सेकंदांतला आकडा असतो. ही नोंद किती वेळ साठवून ठेवायची हे तो सांगतो. ८६४०० म्हणजे २४ तास, ३०० म्हणजे ५ मिनिटं. हा आकडा कमी करायचा तो ब्लॉग हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी. जुनी नोंद घेऊन बसलेल्या सर्व्हरला तुम्ही मागाहून केलेला बदल कळत नाही, तो आपले २४ तास पुरे करतो. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी ठेवणारे सर्व्हरच, बदलले असतील तर वाट आणखी लांबते: डॉट कॉम आणि डॉट नेटच्या वरच्या पातळीवर या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे ४८ तास आहे. सपोर्टवाले ‘४८ तास थांबा’ म्हणतात त्यामागे हा आकडा आहे. तेव्हा थांबा. चार तासांनी वैतागून नेमसर्व्हर पुन्हा बदललेत तर घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं.

फक्त तुमच्याच संगणकावर गडबड असेल तर ब्राउझरची कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती), मग संगणकाची डीएनएस कॅशे रिकामी करा. त्याच्या उलट प्रकारही असतो, तुम्हाला नवा ब्लॉग दिसतो आणि जगाला जुना. मग तुमच्या संगणकाची ‘होस्ट्स’ फाइल बघा. हलवण्याआधी नवी जागा तपासायला कुणीतरी त्यात एक ओळ घातलेली असते आणि ती तिथेच राहून जाते.

वायफायवर नवा, मोबाईलवर जुना, आणि ४८ तास उलटले तरी तसंच असेल, तर माझा पहिला संशय असतो तो ‘क्वाड-ए’ नोंदीवर. ‘ए’ नोंद सर्व्हरचा जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४चा पत्ता सांगते, क्वाड-ए नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६चा. लोक ए नोंद बदलतात आणि क्वाड-ए जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहते. आपल्याकडे मोबाईल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास आहे, जिओवर तर विशेषच. घरचं जोडणीचं डबडं जुनं असेल तर ते आयपीव्ही४नेच जातं. त्यामुळे एकाच घरात, एकाच सोफ्यावर, दोन ब्लॉग. नव्या होस्टने आयपीव्ही६चा पत्ता दिला असेल तर तो घाला, नसेल तर जुनी क्वाड-ए नोंद काढून टाका.

डोमेन डॉट भारतमधलं, म्हणजे देवनागरीतलं असेल, तर नव्या पॅनेलमध्ये ते त्याच्या ‘एक्सएन’पासून सुरू होणाऱ्या रोमन रूपात जोडावं लागतं. देवनागरीत टाइप केलं तर काही पॅनेलं ते मुकाट्याने नाकारतात.

आणि हे सगळं चालू असताना डोमेनसुद्धा नव्या कंपनीकडे हलवायचा मोह होतो. नको. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकत्र विकत घेतल्या म्हणून एक होत नाहीत. डॉट कॉमसारखी डोमेनं नोंदणी किंवा हस्तांतर झाल्यावर ६० दिवस कुलूपबंद असतात, मधल्या काळात काही चुकलं तर हात बांधले जातात. आधी ब्लॉग स्थिरावू दे.

ईमेल

डीएनएस उघडलंच आहे तर हेही आत्ताच बघून घ्या. नेमसर्व्हर बदलले की जुन्या जागेवरच्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम या ईमेलच्या नोंदी आपोआप सोबत येत नाहीत. ब्लॉग दिसतो म्हणून सगळे खूश, आणि आठवड्याने कळतं की संपादकांनी पाठवलेली मेल परत गेली. जुन्या पॅनेलमधल्या सगळ्या नोंदींचा फोटो काढा आणि एकेक ताडून नव्यात भरा. शक्य असेल तर नेमसर्व्हरला हातच लावू नका, फक्त ए नोंद बदला. मग ईमेलचा प्रश्नच येत नाही. मी स्वतः नेहमी हाच मार्ग धरतो.

एक फसवी गोष्ट: ईमेल गूगलकडे किंवा इतर कुठे आहे, पण नव्या सीपॅनलला (होस्टिंगच्या नियंत्रण पॅनेलला) वाटतं ती आपल्याकडेच आहे. मग ब्लॉगवरच्या संपर्काच्या फॉर्ममधून येणारी पत्रं त्या सर्व्हरच्या पोटातच जिरतात, बाकी ईमेल व्यवस्थित चालू असते. सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ उघडून ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा.

सुरक्षिततेचा इशारा

ब्लॉग एचटीटीपीएसने सुरक्षित उघडायला लागणारं ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि ते देण्याआधी डोमेन खरंच या सर्व्हरवर आहे का हे बाहेरून तपासलं जातं. म्हणजे डीएनएस स्थिरावल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. घाई करून कुणी प्रमाणपत्र विकत घ्यायला सांगेल, वैयक्तिक ब्लॉगला त्याची गरज नाही. डीएनएस पोचल्याची खात्री झाली की सीपॅनलमध्ये ‘ऑटोएसएसएल’ पुन्हा चालवा. तरीही नाही झालं तर पुन्हा त्या क्वाड-ए नोंदीकडे बघा. आयपीव्ही६चा पत्ता असेल तर तपासणी आधी तिकडेच जाते.

पान गोलगोल फिरत ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणत असेल आणि मध्ये क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी सेवा) असेल, तर तिथलं एसएसएल ‘फ्लेक्झिबल’वर आहे का बघा. क्लाउडफ्लेअर सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो, सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसने या, आणि दोघं एकमेकांकडे चेंडू टोलवत राहतात. सर्व्हरवर प्रमाणपत्र आल्यावर ‘फुल, स्ट्रिक्ट’ करा.

लेखांवर ४०४

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग पर्मालिंक्स उघडा, काहीही न बदलता ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. लेखांचे सुबक पत्ते ज्या नियमांवर चालतात ते ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाच्या फाइलमध्ये असतात. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती फाइल मॅनेजरमध्ये लपलेली असते, आणि ‘सगळं निवडून कॉपी’ करणाऱ्याच्या हातून मागे राहते. सेव्ह केल्यावर वर्डप्रेस ती पुन्हा लिहितं. नव्या होस्टकडे एनजिनएक्स हा वेगळा वेब-सर्व्हर असेल तर मात्र ही फाइल तो वाचतच नाही, नियम त्यांच्याकडून घालून घ्यावे लागतात. हे सपोर्टला सांगा, त्यांच्यासाठी रोजचं काम आहे.

फक्त मराठी पत्त्यांचे लेख उघडत नाहीत आणि इंग्रजी पत्त्यांचे उघडतात, असं असेल तर कधीकधी नव्या सर्व्हरच्या फायरवॉलचा नियम टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेला पत्ता बघून दचकलेला असतो. हेही सपोर्टचंच काम.

यात एक गैरसमज नेहमी भेटतो. ‘कोकणातल्या पावसाळ्याच्या आठवणी’ या शीर्षकाचा पत्ता ‘कोकणातल्या-पावसाळ्याच्य’ इथेच तुटलेला दिसतो, शेवटचा कानाही गळालेला, आणि मंडळी नव्या होस्टला बोल लावतात. हा तुकडा लेख लिहिला त्याच दिवशी पडलेला असतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. पत्त्यात प्रत्येक बाइट ३ रोमन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. वर्डप्रेसमध्ये पत्त्याला जागा २०० असतात. हिशेब करा, २२ चिन्हांत मामला संपतो. तुटका पत्ता तसाच राहू द्या. तो ‘सुधारायला’ गेलात तर लोकांनी व्हॉट्सॲपवर फिरवलेले दुवे उगाच पणाला लागतात.

पांढरं पान, ५००, क्रिटिकल एरर

पहिला संशय पीएचपीच्या, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या आवृत्तीवर. नवा होस्ट नवी आवृत्ती देतो, आणि ब्लॉगवर एखादं प्लगइन असतं ज्याच्या कर्त्याने वर्षानुवर्षं त्याकडे पाहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या पीएचपी ८.०ने बरीच जुनी फंक्शनं काढून टाकली. जुनं प्लगइन त्यातलंच एखादं हाक मारून बोलावतं आणि पूर्ण ब्लॉग आडवा होतो. पॅनेलमधून पीएचपी ७.४ करून बघा. ब्लॉग उठला तर रोग कळला. पण तिथेच मुक्काम ठोकू नका. ७.४ला नोव्हेंबर २०२२पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. दोषी प्लगइन शोधायचं आणि पुन्हा वर जायचं.

शोधायचं कसं? ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधल्या ‘प्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन्स एका झटक्यात बंद होतात, डेटा जागच्या जागी राहतो. ब्लॉग उठला की नाव पूर्ववत करा आणि एकेक चालू करत जा. वर्डप्रेस ५.२पासून, म्हणजे २०१९पासून, असा बिघाड झाला की दुरुस्तीचा दुवा असलेली ईमेल मालकाला जाते. ती आली नाही तर नवल नाही, ईमेलचं काय झालंय ते वर वाचलंच.

प्लगइन्स बंद करूनही पान पांढरंच? मग जुन्या घराचे पत्ते शोधा. तीन ठिकाणं सांगतो, ही मला इतक्यांदा भेटली आहेत की मी आधी इथेच हात घालतो. एक, सुरक्षेच्या प्लगइनने मुख्य फोल्डरमध्ये ठेवलेली ‘डॉट यूजर डॉट आयएनआय’. तिच्यात जुन्या सर्व्हरवरच्या फाइलचा पूर्ण मार्ग असतो, आणि प्रत्येक पानाआधी ती फाइल लोड करायचा हुकूम. तो मार्ग इथे नाही, त्यामुळे वर्डप्रेस सुरू व्हायच्या आधीच सगळं कोसळतं. प्लगइन बंद करून काही होत नाही ते त्यामुळेच. दोन, कॅशेच्या प्लगइनने ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये टाकलेल्या ‘ॲडव्हान्स्ड-कॅशे’ आणि ‘ऑब्जेक्ट-कॅशे’ या फायली. तीन, डॉट एचटीॲक्सेसमधल्या ‘पीएचपी-व्हॅल्यू’ने सुरू होणाऱ्या ओळी, नव्या सर्व्हरवर पीएचपी वेगळ्या रीतीने चालत असेल तर त्यांनी थेट ५०० येतो. फाइल पुसू नका. नाव बदलून ठेवा, ओळीपुढे टिप्पणीचं चिन्ह टाका, म्हणजे परत फिरता येतं.

डेटाबेस जोडला जात नाही

‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या वर्डप्रेसच्या सेटिंग्जच्या फाइलमधली चार नावं तपासा: डेटाबेस, वापरकर्ता, पासवर्ड, होस्ट. सीपॅनलमध्ये पहिल्या दोन नावांपुढे खात्याचं नाव आणि अधोरेषा चिकटते, ती राहून गेलेली असते. आणि वापरकर्ता बनवला तरी त्याला डेटाबेसशी जोडून सगळे अधिकार द्यावे लागतात, ही वेगळी पायरी आहे. यापलीकडे इथे फारसं काही नसतं.

डेटाबेस जोडला गेला पण लेख कमी दिसतात? जुन्या आणि नव्या जागेवरची लेखांची संख्या ताडून बघा. पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात २ एमबीची असते. बहुतेक होस्ट ती वाढवतात, तरी मोठी फाइल पीएचपीमायॲडमिनमधून (पॅनेलमधल्या डेटाबेसच्या साधनातून) चढवताना वेळ संपून अर्ध्यात तुटते. फाइल जीझिप करून (दाबून लहान करून) चढवा, किंवा सपोर्टला चढवायला सांगा. ‘१२७३ अननोन कोलेशन’ अशी तक्रार आली तर जुन्या जागेवर मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस होता आणि नवी जागा त्याची वर्गवारी, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायची पद्धत, ओळखत नाही. निर्यात केलेल्या फाइलच्या प्रतीत ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’च्या जागी ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ करून पुन्हा चढवा. मजकुराला धक्का लागत नाही.

रिकामी विजेट्स

ब्लॉगचा पत्ताही बदलला असेल, किंवा एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं असेल, तर डेटाबेसभर जुना पत्ता पसरलेला असतो. कुणीतरी निर्यात केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘शोधा आणि बदला’ करतं. लेखांना काही होत नाही, विजेट्स आणि थीमची सेटिंग्ज उडतात. वर्डप्रेस ही माहिती साठवताना प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतं. आहेराच्या पाकिटावर १०१ लिहिलंय आणि आत १०२ निघाले, तर पीएचपी ते पाकीटच परत करतं. एचटीटीपीला एक ‘एस’ जोडला की लांबी एकाने वाढली, आकडा तोच राहिला. त्यामुळे हे काम वर्डप्रेसच्या ‘सर्च-रिप्लेस’ करणाऱ्या प्लगइननेच करा, किंवा डब्ल्यूपी-सीएलआयच्या (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवायच्या साधनाच्या) त्याच नावाच्या आज्ञेने. ते लांबीचे आकडेही नव्याने मांडतात. आधी ‘ड्राय रन’, म्हणजे काही न बदलता चाचणी.

काहीच फोटो का गेले?

सगळेच गेले असतील तर ‘अपलोड्स’ फोल्डर आलेलं नाही किंवा परवानग्या चुकल्या आहेत, फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ द्या. नेमके काही गेले असतील तर त्यांची नावं बघा. देवनागरी असतील, तर झिपने घात केलाय. झिप करणारा आणि उघडणारा प्रोग्राम नावांच्या एन्कोडिंगवर (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीवर) सहमत नसले की नावांचा चुराडा होतो. सर्व्हरवरच ‘टार’ (एकगठ्ठा फाइल) करून थेट दुसऱ्या सर्व्हरवर नेलं तर हे टळतं.

त्यातला सगळ्यात चिवट प्रकार आपल्या ‘ऱ’चा. एका प्रवासवर्णनाच्या ब्लॉगवर ‘बंदर-१’, ‘जेवण-३’ असे फोटो दिसत होते आणि ‘किनाऱ्यावर-२’, ‘दऱ्याखोऱ्या-५’ गायब. फाइल मॅनेजरमध्ये फायली होत्या, नाव हुबेहूब तेच होतं, आणि तरी ४०४. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. डोळ्याला फरक दिसत नाही. मॅकच्या जुन्या डिस्क-रचनेत, म्हणजे एचएफएस प्लसमध्ये, फाइल साठवताना नावातला एकेरी ‘ऱ’ सुटा करून ठेवला जातो. मधला बॅकअप अशा मॅकवर उतरवून पुन्हा चढवला, की लिनक्स सर्व्हरवर फाइलचं नाव सुटं आणि लेखातला दुवा एकेरी. सर्व्हर बाइटला बाइट जुळवतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. थोड्या फायली असतील तर फाइल मॅनेजरमध्ये लेखातल्या दुव्यावरून नाव कॉपी करून चिकटवा. पुष्कळ असतील तर जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर पुन्हा आणा.

मजकुराची माती झाली असेल तर

आधी नीट बघा, दोनपैकी कोणता प्रकार आहे.

पहिला: ‘मराठी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हं. म, र, काना, ठ, वेलांटी, प्रत्येकी एक. याचा अर्थ आयात होतानाच अक्षरं फेकून दिली गेली. नव्या डेटाबेसमध्ये आता खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत, कुठल्याही सेटिंगने ती परत ‘मराठी’ होणार नाहीत. नवा डेटाबेस रिकामा करायचा आणि जुन्या जागेवरून पुन्हा निर्यात करून, यूटीएफ-८ ठेवून आणायचं. जुनं होस्टिंग जिवंत ठेवायला सांगितलं ते यासाठी.

दुसरा: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार पाय फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हाच ठेका ओळीभर. दिसायला हा प्रकार जास्त भयानक, पण बातमी चांगली आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. लॅटिन-१ या जुन्या पाश्चात्त्य वर्णसंचात २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ म्हणजे ते वर्तुळ, १६५ म्हणजे येन. बाइट सगळे शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जाताहेत.

जुन्या ब्लॉगांत हे हमखास होतं. मायएसक्यूएलचा मूळ वर्णसंच कित्येक वर्षं लॅटिन-१ होता, आणि वर्गवारी स्वीडिश, कारण ती कंपनी स्वीडनची. तो बदलून यूटीएफ८एमबी४ झाला तो २०१८च्या ८.० आवृत्तीत. वर्डप्रेसमध्ये वर्णसंच सांगणारी ‘डीबी-कॅरसेट’ ही ओळ आली २००७मध्ये, २.२ आवृत्तीत. त्याआधी सुरू झालेल्या ब्लॉगात मराठी मजकूर लॅटिन-१च्या डब्यात राहत होता आणि कुणालाच कळत नव्हतं, कारण आत टाकताना आणि बाहेर काढताना चूक तीच होत होती. हलवताना एक बाजू सुधारली आणि भांडं फुटलं.

सोपा उपाय आधी: जुन्या आणि नव्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली डीबी-कॅरसेटची ओळ ताडा. जुन्यात ती रिकामी असेल, नसेलच किंवा लॅटिन-१ असेल, तर नव्यात तसंच करून पान ताजं करा. मजकूर दिसला तर तूर्त वाचलात. नाही दिसला तर बदल परत फिरवा. याने डेटाबेसमध्ये काही लिहिलं जात नाही, म्हणून हा प्रयोग निर्धोक आहे. जमलं तरी हा तात्पुरता टेकू आहे, त्या डब्यात इमोजी धड राहणार नाही.

मधलेच काही लेख इमोजीपाशी कापले गेले असतील तर टेबलं तीन बाइटच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये आहेत. मराठीला तीन बाइट पुरतात, इमोजीला चार लागतात, आणि काही सर्व्हरांवर मायएसक्यूएल इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर छाटून टाकतं.

आता ती ‘अपडेट’ न दाबण्याची गोष्ट. बिघडलेला लेख उघडून सेव्ह केलात, की ती रेघवाली अक्षरंच खरी अक्षरं म्हणून, पुन्हा एन्कोड होऊन, साठवली जातात. बाकीचे लेख एका पद्धतीने बिघडलेले, हा दोनदा बिघडलेला. मग एका फटक्यात सगळं सुधारणारा उपाय उरत नाही.

गूगल

सेटिंग्ज, मग रीडिंग. ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ अशा अर्थाची खूण असेल तर काढा. तात्पुरत्या पत्त्यावर प्रत बनवताना ती केली जाते आणि तिथेच राहते.

हात कधी थांबवायचे

मजकुरात दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, काही लेख शुद्ध आणि काही दोनदा बिघडलेले, तर थांबा. टेबलाचे स्तंभ आधी बायनरीत आणि मग यूटीएफ८एमबी४मध्ये नेण्याचं काम डेटाबेस जाणणाऱ्यानेच करावं. जुनं होस्टिंग आधीच बंद झालंय आणि तुमच्याकडे बॅकअप नाही, तर नव्या जागेवर काहीही न करता जुन्या कंपनीला आजच्या आज लिहा. काही ठिकाणी खातं बंद झाल्यावर थोडे दिवस प्रत असते, आणि ते दिवस मोजके असतात. तुम्ही न टाकलेल्या फायली दिसताहेत, ब्लॉग भलत्याच दुकानाच्या पानावर नेतोय, तर तो हलवण्यातला बिघाड नाही, घुसखोरी आहे, आणि ती साफ करणं हा वेगळा धंदा आहे. ब्लॉगवरून पुस्तकं विकत असाल आणि मधल्या काळात दोन्हीकडे ऑर्डरी पडल्या असतील, तर दोन डेटाबेस हाताने एक करायला जाऊ नका.

माणूस बोलावलात तर त्याला जुन्या डेटाबेसची अस्पर्शित निर्यात द्या, दोन्ही डब्ल्यूपी-कॉन्फिग द्या, आणि काय काय करून पाहिलं ते क्रमाने लिहून द्या. तास वाचतात, म्हणजे पैसे वाचतात. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन बनवा, काम झाल्यावर पुसा. स्वतःचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

जुनं होस्टिंग सोडण्याआधी तिथल्या पॅनेलमध्ये ‘रॉ ॲक्सेस’च्या नोंदी उघडून बघा. माणसांच्या भेटी थांबून फक्त यंत्रमानवांच्या उरल्या, ईमेल नव्या जागी पोचतेय, सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा लेख दोन्ही शुद्ध दिसताहेत, की बंद करायला हरकत नाही. ऑटो-रिन्यू काढताना तेवढं नीट वाचा: डोमेनही त्याच खात्यात असेल तर त्याचं ऑटो-रिन्यू चालूच ठेवायचंय, आणि त्या खात्यात जोडलेलं कार्ड अजून चालतंय ना, तेही बघून घ्या.